शेतजमीन, घराणे आणि तरुण प्रेम : ‘सैराट’च्या संदर्भात काही विचार

नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘सैराट’ हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. तत्पूर्वी त्याच वर्षी बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला होता आणि आर्चीची भूमिका करणाऱ्या रिंकू राजगुरू हिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख प्राप्त झाला होता. या चित्रपटाविषयी मराठीत विपुल लेखन झाले. त्यातील बहुतांश लेखन दोन प्रश्नांभोवती फिरते. पहिला प्रश्न जातीचा आणि दुसरा लोकप्रियतेचा. जातिव्यवस्थेचे क्रौर्य सांगणारी कलाकृती गावोगावी नाचत-गात कशी पाहिली गेली, या विसंगतीने समीक्षकांना दीर्घकाळ गुंतवून ठेवले. हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु या चर्चेत एक घटक सतत पार्श्वभूमीलाच राहिला. तो घटक म्हणजे शेतजमीन. उसाचे फड, केळीच्या बागा, विहीर, ट्रॅक्टर ही सर्व सामग्री ‘निसर्गरम्य ग्रामीण परिसर’ या एकाच शब्दप्रयोगात गुंडाळली गेली. वस्तुतः आर्ची आणि परश्या यांच्यामध्ये जी भिंत उभी आहे तिची माती त्याच शिवारातील आहे. प्रस्तुत निबंधात ‘सैराट’चा विचार या अंगाने करावयाचा असून त्या अनुषंगाने आनंद यादव यांची ‘गोतावळा’ व सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ या कादंबऱ्या आणि भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ हा चित्रपट यांचाही विचार केला आहे.

पाणी आणि शिवार

‘सैराट’चा परिसर करमाळा तालुक्याचा, म्हणजे उजनी धरणाच्या पाणफुगवट्याच्या काठचा आहे. भीमेवरील या धरणाने काही गावे व त्यांच्या जमिनी पाण्याखाली घातल्या आणि काठावरच्या जमिनींना बारमाही पाणी दिले. जो भाग पूर्वी कोरडवाहू म्हणून ओळखला जाई तेथे ऊस आणि केळी उभी राहिली, साखर कारखानदारी आली व त्यापाठोपाठ निवडणुकीचे राजकारण आले. तात्या पाटील हे पात्र या प्रक्रियेचे अपत्य आहे. त्याची सत्ता केवळ परंपरागत पाटीलकीची नाही. ती ओलिताच्या जमिनीची सत्ता आहे.

परश्याचे कुटुंब याच पाण्यावर जगते, परंतु मासेमारी करून. एकच जलाशय एका घराला बागायतदार करतो आणि दुसऱ्या घराला होडी व जाळे यांच्या पलीकडे काही देत नाही. चित्रपटात हे कोठेही उच्चारले जात नाही. आर्ची विहिरीवर आल्याचे कळताच परश्या होडीतून पाण्यात झेप घेतो, पोहत काठ गाठतो आणि शिवारातून धावत सुटतो. हे दृश्य बहुतेकांनी प्रेमाच्या उन्मादाचे म्हणून पाहिले. ते तसे आहेच. पण पाण्याकडून जमिनीकडे होणारी ही धाव एका सीमेचे उल्लंघनही आहे. त्याला पाण्यात मज्जाव नाही. विहीर मात्र पाटलांची आहे.

या ठिकाणी दिग्दर्शकाविषयी एक तक्रार नोंदवावी लागते. पूर्वार्धात पाटलांचे शिवार इतके देखणे दिसते की त्यात राबणारी माणसे जवळजवळ दिसेनाशी होतात. ऊस कोण तोडते, केळीचे घड कोण वाहते, हे कॅमेरा फारसे विचारीत नाही. अजय-अतुल यांच्या भव्य वाद्यवृंदाच्या साथीने प्रेक्षक त्या शिवारात नायकासारखाच हिंडतो आणि मालकीचा प्रश्न विसरतो. ज्या दिग्दर्शकाने ‘फँड्री’मध्ये श्रमाचा प्रत्येक क्षण, डुकरामागची प्रत्येक धाव, अपमानासह टिपली होती त्याने येथे श्रम दृष्टीआड ठेवावेत, हे लक्षात येण्याजोगे आहे. ‘फँड्री’तील जब्याला शालूसमोर आपल्या घराचे काम करावे लागू नये म्हणून लपावेसे वाटते. प्रेम आणि घराशी निष्ठा यांतील ताण तेथे कामाच्या रूपानेच प्रकट होतो. ‘सैराट’च्या पूर्वार्धात तो ताण गाण्यांखाली दबतो. अर्थात, ही मोहिनी हेतुपुरस्सर असावी असे उत्तरार्ध पाहिल्यावर म्हणता येते. ज्या भूमीने प्रेक्षकाला भुलविले तीच भूमी पुढे पाठलाग करते.

ट्रॅक्टरवरील मुलगी

आर्ची ट्रॅक्टर चालविते, बुलेट चालविते, मुलांना दरडावते. तिच्या या धिटाईचे स्त्रीवादी अंगाने भरपूर कौतुक झाले. मराठी चित्रपटातील लाजऱ्या नायिकेची परंपरा पाहता ते योग्यही होते. परंतु या धिटाईचा आधार कोणता, हा प्रश्न मागे राहिला. ट्रॅक्टरवर बसलेली आर्ची ही मालकाची मुलगी आहे. तिचा आवाज चढतो, कारण तो आवाज खाली आणण्याची शामत त्या पंचक्रोशीत कोणाची नाही. तिचे स्वातंत्र्य बापाच्या जमिनीवर उभे आहे, आणि ज्या क्षणी ती आपले प्रेम जाहीर करते त्या क्षणी ती जमीन तिच्या पायाखालून काढून घेतली जाते.

मराठी ग्रामीण कथनात ट्रॅक्टरला एक इतिहास आहे. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गोतावळा’मध्ये मालकाच्या शेतात ट्रॅक्टर येतो आणि नारबा या सालगड्याचे जग विस्कटते. नारबाला स्वतःचे शेत नाही, लग्न नाही, संसार नाही. बैल, म्हशी, कुत्री हाच त्याचा गोतावळा आहे. यंत्र आल्यावर दावणीची जनावरे निरुपयोगी ठरतात, त्यांच्याबरोबर नारबाही निरुपयोगी ठरतो. त्याच्या ठायी स्त्रीविषयीची ओढ आहे. पण जमिनीवर हक्क नसलेल्या माणसाच्या ओढीला गावगाड्यात स्थान नसते, हे यादवांनी नारबाच्याच बोलीतून, कोणतेही भाष्य न करता दाखविले आहे. पंचेचाळीस वर्षांनंतरच्या कलाकृतीत तेच यंत्र तरुण मुलीच्या हाती येऊन मुक्तीचे चिन्ह बनते. या दोन ट्रॅक्टरांमध्ये विरोध नाही. पहिल्याने ज्या घरांची भरभराट केली त्याच घरातील मुलगी दुसऱ्यावर बसली आहे. नारबाच्या नातवाने तिच्याकडे मान वर करून पाहिले तर काय होईल, हा ‘सैराट’चा विषय आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

जनावरांच्या विक्रीचे हे प्रकरण येथील वाचकाला केवळ पुस्तकी वाटणार नाही. छावणीतील गुरुवारच्या आठवडी बाजारात दुष्काळी वर्षांत बैलजोड्या कशा येतात, हे या परिसरातील प्राध्यापकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेले आहे. त्या बाजारात बैल विकून आलेला बाप आणि दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाचे शुल्क भरणारा मुलगा ही एकाच घरातली माणसे असतात.

मुलीचा हिस्सा

शेतजमीन आणि प्रेमविवाह यांचा संबंध केवळ प्रतिष्ठेच्या भाषेत मांडला तर तो अर्धवट राहतो. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून अविवाहित मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः सहहिस्सेदार ठरविले. त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी ज्यांची लग्ने झाली होती त्यांना तिचा लाभ नव्हता. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा हक्क देशभर व्यापक केला. शेतजमिनीच्या कूळ व कमाल धारणेविषयीच्या कायद्यांना मूळ १९५६ च्या कायद्यात जी सवलत होती तीही त्याच वेळी वगळण्यात आली. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे आणि २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नसल्याचे स्पष्ट केले.

कायद्याची वाट ही अशी सरळ आहे. गावातील वाट निराळी आहे. तेथे वाटणीच्या वेळी बहिणीची सही हक्कसोडपत्रावर घेतली जाते आणि फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावरून तिचे नाव निघून जाते. त्या बदल्यात तिला माहेर मिळते : दिवाळीचे बोलावणे, साडीचोळी, बाळंतपण, संकटात भावाचा आधार. हा व्यवहार कोणी लिहून देत नाही, परंतु दोन्ही पक्षांना तो ठाऊक असतो. बहीण हिस्सा मागेल तर माहेर तुटेल, आणि माहेर टिकवायचे तर हिस्सा मागू नये. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम हाती घेतली आणि अनेक शेतकऱ्यांनी आपल्या पत्नीच्या नावे जमीन करून दिली. शरद जोशी यांच्या विचारातील हे मोठे पाऊल होते. मात्र तेथेही जमीन मिळाली ती पत्नीला; मुलीचा प्रश्न त्या मोहिमेच्या कक्षेत नव्हता.

या व्यवहाराचे सर्व गणित एका गृहीतावर चालते. मुलगी घरच्यांनी ठरविलेल्या, सजातीय, शक्यतो तोलामोलाच्या घरात दिली जाईल, हे ते गृहीत होय. तसे झाले तर जावई हा सोयरा असतो, तो सासऱ्याच्या बांधावर दावा सांगायला येत नाही. मुलगी स्वतःच्या मनाने, जातीबाहेर, भूमिहीनाच्या घरात गेली तर हे अलिखित करारपत्र फाटते. ‘सैराट’मधील आर्ची वयाने १९९४ नंतरची मुलगी आहे. कायद्याच्या दृष्टीने ती तात्यांच्या वडिलोपार्जित मिळकतीत प्रिन्सच्या बरोबरीची हिस्सेदार ठरू शकते. चित्रपट हे सांगत नाही आणि तात्यांच्या जमिनीचे स्वरूपही त्यात स्पष्ट होत नाही. म्हणून हे विधान कथानकाविषयीचे नसून त्या कथानकाला अर्थ देणाऱ्या समाजाविषयीचे आहे, एवढी मर्यादा येथे मान्य करावी लागेल. परंतु प्रिन्सकडे केवळ ‘संतापलेला भाऊ’ म्हणून न पाहता एकमेव वारस म्हणून वाढविला गेलेला मुलगा म्हणून पाहिले, तर वर्गात लोखंडे सरांच्या श्रीमुखात मारणारा त्याचा हात आणि शेवटच्या प्रसंगातील त्याचा हात यांतील नाते कळते. दोन्ही ठिकाणी तो आपली मालकी सांगतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की, ज्या घरांजवळ गुंठाभर जमीन नाही तेथेही मुलींच्या हत्या होतात. मग जमिनीला एवढे महत्त्व का द्यावे? आक्षेपात तथ्य आहे. जमीन हे या हिंसेचे एकमेव कारण नव्हे. जातीची शुद्धता स्त्रीच्या देहावर लादण्याची रीत जमिनीच्या मालकीपेक्षा जुनी आणि तिच्याहून व्यापक आहे. तथापि गावात अनुकरण वरून खाली होते. जमीनदार घराची अब्रूची कल्पना भूमिहीन घरही उचलते. परश्याच्या बापाला आपल्याच जातपंचायतीपुढे जी मानहानी पत्करावी लागते ती याचे उदाहरण आहे. ज्याच्याजवळ राखण्यासाठी जमीन नाही त्यालाही घराण्याशी निष्ठा राखावी लागते, आणि तिची किंमत त्याला अधिक पडते.

‘ख्वाडा’ आणि ‘बारोमास’

‘ख्वाडा’ २०१५ साली प्रदर्शित झाला. बासष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. दिग्दर्शकाने स्वतःची शेतजमीन विकून तो पूर्ण केला, ही गोष्ट त्या वेळी बरीच सांगितली गेली; चित्रपटाचा विषय पाहता तिला निराळा अर्थ प्राप्त होतो. धनगर कुटुंबाची जमीन वनखात्याकडे गेली आहे. बाप रघू वर्षानुवर्षे खटला चालवितो आणि कुटुंब मेंढ्यांमागे रानोमाळ हिंडते. धाकट्या बाळूला लग्नाची ओढ लागली आहे. त्याचे स्वप्न फार मोठे नाही : एका जागी घर, त्या घरात बायको. परंतु बापाला हरवलेली जमीन हवी आहे, आणि ती मिळेपर्यंत सारे कुटुंब त्या खटल्याला बांधलेले आहे. येथे प्रेम फुलण्यापूर्वीच थांबविले जाते. ते थांबविणारा खलनायक नसून बापाची निष्ठा आहे. कऱ्हाडे यांनी बाळूचे एकतर्फी, स्वप्नाळू तारुण्य विनोदाच्या अंगाने हाताळले आहे. त्यामुळे गावच्या पुढाऱ्याशी संघर्ष पेटतो तेव्हा त्या तारुण्याचे हिंसेत होणारे रूपांतर अधिक अस्वस्थ करते. ‘सैराट’च्या गाजावाजात या चित्रपटाकडे झालेले दुर्लक्ष अन्यायकारक होते.

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही कादंबरी २००२ साली प्रसिद्ध झाली व २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तिची चर्चा शेतकरी आत्महत्यांच्या काळातील कादंबरी म्हणून झाली. ते खरे असले तरी तिच्या मध्यभागी एक तरुण जोडपे आहे, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. एकनाथ उच्चशिक्षित आहे, नोकरी नाही म्हणून बाप सुभानरावांबरोबर कोरडवाहू शेतीत राबतो. पत्नी अलकाने पाहिलेले आयुष्य निराळे होते. शिकलेला नवरा म्हणजे पगार, पगार म्हणजे शहर, अशी तिची साधी अपेक्षा आहे. शिक्षकाच्या नोकरीसाठी संस्थाचालकांना द्यावयाचे पैसे हे घर उभे करू शकत नाही. पैसे उभे करावयाचे तर जमिनीला हात घालावा लागतो, आणि जमीन म्हणजे बापाचा जीव. शेवटी अलका घर सोडून जाते.

अलकाला दोषी ठरविण्याचा मोह अनेक वाचकांना झाला. कादंबरीनेही एकनाथाच्या बाजूने झुकून काही ठिकाणी त्यास हातभार लावला आहे, हे नाकारता येत नाही. अलकाच्या मनात शिरण्याची संधी देशमुखांनी अनेकदा सोडली. ती रागावते, रुसते, टोचून बोलते, परंतु तिचे एकटेपण पानावर क्वचितच उतरते. घराच्या दारिद्र्याचा हिशेब जितक्या बारकाईने दिला आहे तितक्या बारकाईने या विवाहाच्या विस्कटण्याचा दिला असता तर कादंबरी अधिक उंचीवर गेली असती. तरीही एक गोष्ट ‘बारोमास’ने स्पष्टपणे पकडली. जातीचा अडसर नाही, घरच्यांचा विरोध नाही, लग्नही झाले आहे, आणि तरी जमीन दोघांच्या मध्ये येऊन बसते. येथे ती संपत्ती म्हणून येत नाही, तोट्याचा धंदा म्हणून येते. ‘सैराट’मध्ये जमीन फार आहे म्हणून प्रेम मरते, ‘बारोमास’मध्ये ती पुरत नाही म्हणून.

शहर, वर्ग आणि परत आलेले माहेर

‘सैराट’चा उत्तरार्ध हैदराबादेत घडतो. तेथील वस्तीत पाटील या शब्दाला कोणी ओळखत नाही. भाषाही निराळी आहे. पूर्वार्धात अदृश्य असलेले श्रम आता पडद्यावर येतात. परश्या डोशाच्या गाडीवर काम करतो, आर्ची कारखान्यात. वस्तीचा दुर्गंध तिला सहन होत नाही, घराच्या आठवणीने ती रडते, परश्याच्या मनात संशय शिरतो, तो हात उगारतो, ती निघून जाते आणि परतते. कोणाचीही मुलगी नसलेली आर्ची या भागात प्रथमच स्वतःच्या मजुरीवर उभी राहते. तिचे हे दुसरे बळ पहिल्यापेक्षा शांत आहे आणि अधिक खरे आहे. दिग्दर्शकाने कारखान्यातील तिची प्रगती थोडक्यात उरकली, हे मात्र खटकते. पूर्वार्धातील एखादे गाणे कमी करून हा भाग वाढविता आला असता.

या कलाकृतींत महाविद्यालयाला जे स्थान मिळाले आहे त्याचा येथे स्वतंत्र उल्लेख आवश्यक वाटतो. आर्ची आणि परश्या एका बाकाच्या अंतरावर येतात ते महाविद्यालयात. शिवारात त्यांना ते अंतर कधीच मिळाले नसते. एकनाथाला शेतीपासून तोडून अलकाच्या अपेक्षांशी जोडणारी पदवी महाविद्यालयानेच दिली आहे. म्हणजे ज्या संस्थेने तरुणांना जमिनीच्या नात्यांबाहेर पाहावयास शिकविले तीच संस्था पुढे त्यांच्या मदतीला येत नाही. लोखंडे सर दलित कवितेचा तास घेत असताना मार खातात आणि तात्या तो प्रसंग हसण्यावारी नेतात. त्यानंतर महाविद्यालय कथानकातून नाहीसे होते. वैजापूर, गंगापूर, कन्नड, खुलताबाद येथून शहरात शिकायला येणाऱ्या मुलामुलींपुढे हा चित्रपट अभ्यासासाठी ठेवणाऱ्या अध्यापकाला या गैरहजेरीकडे डोळेझाक करता येणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये याच जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात मनाविरुद्ध लग्न केलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीची तिच्या माहेरच्यांकडूनच हत्या झाल्याची बातमी आली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिचे वर्णन ‘सैराट’ या शब्दाने केले. कलाकृतीचे नाव गुन्ह्याचे नाव व्हावे, हे त्या कलाकृतीचे यश नव्हे. त्या शब्दामुळे बातमी चटकन कळते, पण मुलीच्या घराचा, तिच्या वाट्याचा, तिच्या शिक्षणाचा प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही.

‘सैराट’च्या अखेरच्या प्रसंगात आर्ची आईशी फोनवर बोललेली आहे. काही दिवसांनी प्रिन्स आणि सोबतची माणसे दारात येतात. ती आईने पाठविलेल्या वस्तू घेऊन आली आहेत. आर्चीच्या चेहऱ्यावर अविश्वास आहे आणि आनंदही आहे. ती चहा ठेवते. समीक्षकांनी या प्रसंगाची चर्चा तणावनिर्मितीच्या तंत्राच्या अंगाने केली. पण त्या पिशवीकडे पाहिले पाहिजे. हिस्सा सोडून दिलेल्या प्रत्येक लेकीला जे मिळते तेच त्या पिशवीत आले आहे. आर्चीने कधी जमीन मागितलेली नाही, आणि या भेटीचा अर्थ ती माहेरवाशिणीसारखाच लावते : भांडण मिटले, आपण पुन्हा त्या घरच्या झालो. शेजारणीकडे गेलेले मूल परत येते तेव्हा घरात आवाज नसतो. ते रडत बाहेर पडते आणि त्याच्या लहान पावलांचे ओले ठसे फरशीवर उमटत जातात.